आभासी यंत्रांना डिस्कची खरी मापे

एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक लहान संगणक नांदतात, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. बँकांची खाती, विद्यापीठांचे निकाल, रुग्णालयांच्या नोंदी अशी कितीतरी कामे आज अशा पोटभाडेकरू संगणकांवर चालतात. त्यांना आभासी यंत्रे म्हणतात. आभासी यंत्राला स्वतःचा देह नसतो. त्याचा प्रोसेसर, त्याची स्मृती, त्याची डिस्क ही सारी खालच्या खऱ्या यंत्राने, म्हणजे यजमानाने, त्याच्यापुढे उभी केलेली असतात. आपण स्वतंत्र संगणक आहोत अशी पाहुण्या यंत्राची समजूत असते, आणि ती समजूत अखेरपर्यंत टिकवून धरण्यातच या विद्येचे कौशल्य आहे.

तथापि या समजुतीलाही एक सीमा आहे. डिस्क कोणत्या कंपनीची, ती कोणत्या कपाटात बसवलेली, हे पाहुण्या यंत्राला कळले नाही तरी काही बिघडत नाही. परंतु ती डिस्क किती बाइटांच्या मापाने मजकूर घेते, एका खेपेला जास्तीत जास्त किती घेऊ शकते आणि रिकामी झालेली जागा कोणत्या मापाने परत स्वीकारते, हे मात्र त्याला कळावेच लागते. ते न कळल्यास प्रथम गती मंदावते, मग जागा वाया जाते, आणि क्वचित प्रसंगी लिहिलेला मजकूरच धोक्यात येतो. ही मापे पाहुण्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी आभासी यंत्रांचे व्यवस्थापन करणाऱ्या थरावर असते. ती जबाबदारी वरवर पाहता किरकोळ वाटते. वस्तुतः ती तशी नाही.

या विद्येचा प्रारंभ अमेरिकेतील आय. बी. एम. कंपनीच्या केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रात झाला. तेथे १९६७ साली सीपी-४० नावाची प्रणाली चालू झाली आणि एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे नांदू लागली. १९७२ साली आलेल्या व्हीएम/३७० या प्रणालीत प्रत्येक पाहुण्याला ‘मिनिडिस्क’ मिळत असे. मिनिडिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरील सलग सिलिंडरांचा एक तुकडा. पाहुण्याने शून्य क्रमांकाचे सिलिंडर मागितले, की नियंत्रक प्रणाली तो क्रमांक मुकाट्याने बदलून खऱ्या जागेवर नेई. आणि पाहुण्याने आपल्या तुकड्याची हद्द ओलांडण्याचा प्रयत्न केला, तर त्याला त्रुटीचा संदेश मिळे. जागेचा पत्ता खोटा असला तरी चालेल, पण जागेची लांबी खरी सांगितली पाहिजे, हे तत्त्व तेव्हाच रुजले होते.

आज लिनक्सच्या जगात हे काम प्रामुख्याने तिघांत वाटलेले आहे. फाब्रिस बेलार यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेली ‘क्यू-एमू’ ही प्रणाली पाहुण्यापुढे डिस्क व इतर साधने उभी करते. २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेले ‘केव्हीएम’ प्रोसेसरची वाटणी सांभाळते. या दोहोंच्या वर २००५ साली आरंभ झालेला ‘लिबव्हर्ट’ हा व्यवस्थापनाचा थर आहे. कोणत्या पाहुण्याला किती स्मृती, किती प्रोसेसर, कोणती डिस्क द्यावयाची, याचे एक वर्णनपत्र लिबव्हर्टजवळ असते, आणि त्या पत्राबरहुकूम तो क्यू-एमूला आज्ञा देतो. सारांश, क्यू-एमू हा कारागीर आहे, तर लिबव्हर्ट हा कारभारी. पाहुण्याला डिस्कविषयी जे सांगावयाचे, ते कारभाऱ्याच्या पत्रात लिहिलेले असावे लागते; आणि पत्रात काहीच नसेल, तर कारागीर जुन्या रूढीवर विसंबतो.

ती जुनी रूढी म्हणजे ५१२ बाइटांचा ब्लॉक. वैयक्तिक संगणकांच्या डिस्कवर हे माप इतकी वर्षे चालत आले, की अनेक प्रणालींनी ते निसर्गनियमासारखे गृहीत धरले. परंतु प्रत्येक ब्लॉकसोबत डिस्कवर काही पदरमोड होत असते: दोन ब्लॉकांमधील मोकळी फट, आरंभीची खूण आणि शेवटी दोष दुरुस्त करण्यासाठी राखलेले बाइट. ५१२ बाइटांमागे दोषदुरुस्तीचे सुमारे ५० बाइट लागत. म्हणजे आठ ब्लॉकांना ४००. त्याच आठ ब्लॉकांचा ४०९६ बाइटांचा एकच मोठा ब्लॉक केला, तर सुमारे १०० बाइटांत भागते, आणि दुरुस्तीही अधिक सबळ होते. म्हणून डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन जानेवारी २०११ पासून घरगुती व कार्यालयीन संगणकांच्या नव्या डिस्क ४०९६ च्या मापाने काढण्याचे ठरवले. जुन्या प्रणाली अडू नयेत म्हणून यांपैकी बहुतेक डिस्कांनी बाहेरून ५१२ चेच सोंग चालू ठेवले. आतला कारभार मात्र ४०९६ चा झाला. मोठ्या कार्यालयांच्या काही डिस्कांनी पुढे हे सोंगही टाकून दिले.

सोंगाची किंमत काय पडते, हे धान्याच्या कोठाराच्या दृष्टांताने सहज समजेल. जुन्या बाजारात चार शेरांची पायली असे. एखाद्या कोठारवाल्याने पायलीखालचे माप ठेवायचेच नाही असे ठरवले, आणि गिऱ्हाईक मात्र अर्धा शेर धान्य बदलून मागू लागले, तर काय होईल? कोठारवाल्याला संपूर्ण पायली खाली काढावी लागेल, तिच्यातील अर्धा शेर बदलावा लागेल आणि पायली पुन्हा जागेवर ठेवावी लागेल. पायलीत अर्धे शेर आठ; ४०९६ मध्येही ५१२ आठच. पाहुण्याने ५१२ बाइट लिहिण्यास सांगितले, की ४०९६ बाइट वाचावयाचे, त्यांत ५१२ बदलावयाचे आणि सर्व पुन्हा लिहावयाचे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांचा असतो. नुसत्या लेखनाऐवजी वाचून लिहावयाचे म्हणजे असा एक फेरा अधिक. एका लेखनाला हे क्षुल्लक दिसते; तासाला लाखो लेखने करणाऱ्या यंत्राला ते पेलत नाही.

येथे प्रश्न केवळ गतीचा नाही. हिशेबाच्या नोंदी राखणाऱ्या प्रणाली आपल्या रोजकीर्दीत लहान लहान ब्लॉक लिहितात. माय-एसक्यूएलच्या इनोडीबी या भागाची रोजकीर्द ५१२ बाइटांच्या ब्लॉकांनी बनलेली असते. एक ब्लॉक लिहिताना वीज गेली, तर फार तर तो ब्लॉक अपुरा राहील, शेजारच्या पूर्ण झालेल्या नोंदींना धक्का लागणार नाही, असा भरवसा अशा मांडणीमागे असतो. परंतु खाली पायलीचे माप असेल, तर त्या एका ब्लॉकबरोबर शेजारचे सातही खाली काढून पुन्हा लिहिले जात असतात. नेमक्या त्या क्षणी वीज गेली, तर ज्यांना कोणी हातही लावला नव्हता त्या नोंदीही संकटात सापडू शकतात. पाहुण्याला खरे माप ठाऊक असते, तर त्याने मुळात ४०९६ च्या पटीतच लेखन केले असते.

माप न कळल्याचा दुसरा एक दुष्परिणाम जुन्या विंडोज एक्सपी प्रणालीच्या काळापासून परिचित आहे. एक्सपी आपला पहिला विभाग डिस्कच्या ६३ व्या सेक्टरपासून सुरू करी. ६३ ला ५१२ ने गुणले, की ३२,२५६ येतात. या संख्येला ४०९६ ने भाग जात नाही, सात पूर्ण ब्लॉक जाऊन ३,५८४ बाइट उरतात. म्हणजे विभागाचा पायाच एका ब्लॉकच्या शेवटच्या अष्टमांशावर पडतो. पुढे त्या विभागातील ४०९६ बाइटांचा प्रत्येक तुकडा खालच्या दोन ब्लॉकांवर तंगड्या टाकून बसतो, आणि जेथे एका लेखनात काम व्हावे तेथे दोन पायल्या खाली-वर कराव्या लागतात. २००७ साली विक्रीस आलेल्या व्हिस्टापासून हा पाया १०,४८,५७६ बाइटांवर नेण्यात आला, आणि त्या संख्येत ४०९६ बरोबर २५६ वेळा बसतात. परंतु जुन्या यंत्रांची जशीच्या तशी आभासी रूपे करून ती नव्या डिस्कांवर आणली गेली, तेव्हा हा जुना तिरकस पायाही त्यांच्याबरोबर आला.

यावर उपाय म्हणून डिस्कची दोन मापे वेगळी सांगण्याची पद्धत पडली. बोलण्याचे माप ते लॉजिकल, आणि आतल्या कारभाराचे माप ते फिजिकल. २००९ साली आलेल्या लिनक्सच्या २.६.३१ या आवृत्तीपासून ही दोन्ही मापे, आणि त्यांच्या जोडीला सोयीचे किमान व उत्तम माप, कोणत्याही प्रणालीला वाचता येऊ लागली. पाच डिस्कांचा संच करून प्रत्येकीवर ६४ किलोबाइटांचा तुकडा ठेवला, आणि पाचांपैकी एका डिस्कइतकी जागा सुरक्षेसाठी राखली, तर उत्तम माप ६४ च्या चौपट, म्हणजे २५६ किलोबाइट ठरते. ते कळले, की फाइलींची मांडणी करणारी प्रणाली त्याच मापाने लेखने जुळवते. लिबव्हर्टच्या वर्णनपत्रात लॉजिकल व फिजिकल या दोन मापांची सोय २०१२ साली झाली. त्यामुळे यजमानाला जे दिसते ते पाहुण्यालाही दाखवणे शक्य झाले. शक्य झाले, इतकेच. कारभाऱ्याने ती ओळ लिहिली नाही, तर क्यू-एमू सामान्यतः ५१२ च सांगतो.

मग सरसकट सर्व पाहुण्यांना ४०९६ सांगून मोकळे का होऊ नये, असा प्रश्न साहजिक आहे. त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की जुन्या बायोस पद्धतीने सुरू होणाऱ्या यंत्रांना ४०९६ लॉजिकल मापाच्या डिस्कवरून सुरू होता येत नाही. त्यासाठी यूईएफआय ही नवी पद्धत लागते. दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. एकदा सांगितलेले माप नंतर बदलता येत नाही. आधुनिक डिस्कवरील विभागांची सूची पहिल्या क्रमांकाच्या ब्लॉकपासून लिहिलेली असते, आणि ब्लॉकांची मोजणी शून्यापासून होते. ५१२ च्या मापाने ती सूची ५१२ व्या बाइटापासून सुरू होते. ४०९६ च्या मापाने ४०९६ व्या बाइटापासून. ज्या डिस्कवर ५१२ चे माप धरून विभाग पाडले, तीच डिस्क उद्या ४०९६ चे माप सांगून पाहुण्याला जोडली, तर पाहुणा भलत्याच ठिकाणी सूची शोधतो आणि डिस्क कोरी आहे असा निष्कर्ष काढतो. मजकूर सर्वच्या सर्व जागेवर असतो. फक्त त्याची वाट हरवलेली असते. अशा वेळी घाबरून कोणी त्या ‘कोऱ्या’ डिस्कवर नवे विभाग पाडले, तर भ्रमाचे रूपांतर खऱ्या नुकसानीत होते. म्हणूनच कारभाऱ्याचे काम माप सांगण्यापाशी संपत नाही. सांगितलेले माप स्मरणात ठेवून दर वेळी तेच सांगणे, हेही त्याचेच काम आहे.

आता दुसऱ्या मर्यादेकडे वळावयाचे. एका खेपेला डिस्क किती मजकूर घेऊ शकते? सामान्य मांडणीत पाहुण्याने मोठी मागणी पाठवली, तरी क्यू-एमू आणि यजमानाची प्रणाली तिचे तुकडे करून पुढे पाठवतात. पाहुण्याला त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु काही वेळा पाहुण्याच्या आज्ञा जशाच्या तशा डिस्ककडे जाऊ द्याव्या लागतात. अनेक यंत्रांत सामाईक असलेली डिस्क राखून ठेवणे वगैरे कामे स्कझी नावाच्या आज्ञावलीनेच होतात, आणि त्यासाठी मधला थर बाजूला उभा राहतो. अशा मांडणीत तुकडे करणारा कोणी उरत नाही. पाहुणा सुरुवातीला डिस्कला तिच्या मर्यादा विचारतो, डिस्क ‘ब्लॉक लिमिट्स’ नावाचे पान पुढे करते, आणि त्यावर विसंबून पाहुणा मागण्या रचतो.

अडचण अशी, की डिस्क स्वतःची मर्यादा जाणते. यजमानाच्या पेटीत तिच्या अलीकडे बसवलेल्या अडॅप्टरची मर्यादा ती जाणत नाही. समजा, डिस्कने कित्येक मेगाबाइटांची मुभा दिली, आणि अडॅप्टर मात्र एका खेपेला १२८ तुकडेच वाहू शकतो. पाहुण्याला आपली एक मेगाबाइटाची स्मृती सलग दिसते. पण त्याची सलग स्मृती यजमानाच्या घरी चार चार किलोबाइटांच्या २५६ पानांत विखुरलेली असू शकते. १२८ तुकड्यांना चार किलोबाइटांनी गुणले, की ५१२ किलोबाइट होतात; तेवढीच खरी पेलण्याची शक्ती. एक मेगाबाइटाची मागणी आली, की यजमानाचा गाभा ती सरळ नाकारतो, आणि पाहुण्याला दिसते ते इतकेच, की डिस्कने लेखन नाकारले. अनेक ठिकाणी फाइलींची प्रणाली अशी त्रुटी पाहताच स्वसंरक्षणार्थ लेखन बंद करून केवळ वाचनाची मुभा ठेवते. डिस्क धडधाकट, अडॅप्टर धडधाकट, पाहुणाही निर्दोष. तरी काम बंद. शिवाय लहान मागण्या सुरळीत जात असल्यामुळे हा दोष चाचणीत सापडत नाही; रात्री मोठी नक्कल काढण्याचे काम सुरू झाले, की तो उघडा पडतो.

म्हणून २०१६ साली क्यू-एमूत अशी सुधारणा झाली, की डिस्कचे ते पान पाहुण्याच्या हाती देण्यापूर्वी मधला थर ते वाचतो आणि यजमानाची मर्यादा अधिक कडक असेल, तर पानावरील आकडा तेवढा खाली आणतो. ज्या डिस्क असे पान देतच नाहीत, त्यांच्यासाठी पुढे ते पान तयार करून देण्याचीही व्यवस्था झाली. येथे निरोप्याने निरोपात बदल केला, हे खरे. पण त्या बदलामुळेच निरोप सत्याला धरून झाला. वाटेतला पूल किती भार सोसतो, हे पलीकडच्या गावाला विचारून चालत नाही.

तिसरी मर्यादा रिकाम्या जागेची. पाहुण्याने फाइल पुसली, की जागा मोकळी झाली असे त्याला वाटते. यजमानाला मात्र ते आपोआप कळत नाही. ‘ही जागा आता नको’ असा निरोप पाहुण्याने खाली पाठवावा लागतो, आणि तो खालपर्यंत जाऊ द्यावा अशी आज्ञा वर्णनपत्रात असावी लागते. एरवी क्यू-एमू तो निरोप ऐकून सोडून देतो. येथेही मापाचा प्रश्न आहेच. क्यू-एमूच्या क्यूकाऊ-२ या डिस्क-फाइलीत जागेची वाटणी सामान्यतः ६४ किलोबाइटांच्या गटांनी होते. पाहुण्याला हे ठाऊक नसेल आणि तो चार चार किलोबाइट सुटे सुटे परत करू लागला, तर एकही निरोप पूर्ण गटाचा होत नाही, आणि सोळा निरोपांनंतरही जागा परत मिळत नाही. पाहुण्याच्या हिशेबी डिस्क अर्धी रिकामी. यजमानाच्या हिशेबी भरत आलेली. जेथे एकाच साठ्यावर अनेकांना, प्रत्यक्षात आहे त्याहून अधिक जागेचे आश्वासन दिलेले असते, तेथे या दोन हिशेबांतील तफावत एक दिवस सर्वांनाच भोवते. परत घेण्याचे हे माप वर्णनपत्रात लिहिण्याची सोय लिबव्हर्टमध्ये पहिल्या दोन मापांनंतर पुष्कळ वर्षांनी आली.

आतापर्यंत सांगितलेल्या मर्यादा डिस्कच्या स्वभावातून आलेल्या. याखेरीज कारभाऱ्याने मुद्दाम घातलेल्या मर्यादाही असतात. एका पाहुण्याने सर्व डिस्क अडवून धरू नये म्हणून सेकंदाला इतके बाइट किंवा इतक्याच मागण्या, असे बंधन घालता येते. तळाला भोक असलेल्या घागरीसारखी ही योजना चालते: मागण्यांचे पाणी वरून पडते, खालून ठराविक वेगाने गळते, घागर भरली की पुढच्याने थांबावे. नुसत्या मागण्या मोजल्या, तर चतुर पाहुणा थोड्या पण अवाढव्य मागण्या करून बंधन चुकवील. म्हणून ठराविक आकारापुढची मागणी अनेक मागण्यांइतकी मोजण्याचीही तजवीज आहे. ही बंधने पाहुण्याला सांगितली जात नाहीत. त्याला केवळ संथपणा जाणवतो. असा संथपणा आणि डिस्क निकामी होत असल्याचा संथपणा आतून सारखाच दिसतो. म्हणून हे आकडे निदान त्या यंत्राच्या मालकाला तरी उघड दिसले पाहिजेत. ॲमेझॉनने २०२० साली आणलेल्या जीपी३ या भाड्याच्या डिस्कवर सेकंदाला ३,००० मागण्या आणि १२५ मेबीबाइट हे मूळ प्रमाण जाहीरपणे सांगितलेले आहे. भाडेकरूला आपली मर्यादा ठाऊक असली, की तो तिच्यात राहून बेत करतो. ठाऊक नसली, की यंत्राला दोष देत बसतो.

सर्वांत कठीण प्रसंग येतो तो स्थलांतराचा. चालते आभासी यंत्र न थांबवता एका यजमानावरून दुसऱ्या यजमानावर नेता येते. पाहुण्याला घर बदलल्याचे कळतही नाही. पण डिस्कच्या मर्यादा पाहुणा आरंभी एकदाच विचारून घेतो आणि पुढे त्यांवरच विसंबतो. पहिल्या घरी एक मेगाबाइटाची खेप चालत होती आणि दुसऱ्या घरी ५१२ किलोबाइटांचीच चालते, तर नाकारल्या जाणाऱ्या मागण्यांचा तोच प्रकार पुन्हा घडतो. म्हणून जेथे पाहुणे फिरते असतात, तेथे कारभाऱ्याने पहिल्याच दिवशी असे माप सांगावे, की जे सर्व घरांत निभावेल. मग एखाद्या प्रशस्त घराची थोडी शक्ती वाया गेली तरी चालेल.

आभासी यंत्रांच्या सोयीचा पाया लपवण्यावर आहे, यात संशय नाही. कोणते लोखंड, कोणते कपाट, कोणते शहर, हे सारे लपले म्हणूनच यंत्र इकडून तिकडे नेणे सुलभ झाले. परंतु साधनाची ओळख लपवणे वेगळे आणि त्याची मर्यादा लपवणे वेगळे. ओळख लपल्याने स्वातंत्र्य मिळते. मर्यादा लपल्याने ती नाहीशी होत नाही, ती फक्त गैरसोयीच्या वेळी प्रकट होते. ज्यांच्या हाती अशा यंत्रांचा कारभार आहे, त्यांनी नवा पाहुणा उभा करताना वर्णनपत्रातील मापांच्या त्या दोन-तीन ओळी यजमानाच्या खऱ्या डिस्कशी ताडून पाहाव्यात, आणि एकदा लिहिल्यावर त्या वचनासारख्या पाळाव्यात. त्या ओळींच्या भरवशावर कोणाची तरी खाती, कोणाचे तरी निकाल आणि कोणाच्या तरी आजाराच्या नोंदी लिहिल्या जात असतात.